लघवीची जळजळ आणि जननांगाचा हर्पीस: पुरुषांनी आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता

हर्पीस म्हटलं की सगळे फोडांबद्दल विचारतात. माझे फोड म्हणजे बारीक ठिपके, खपली धरून जातातही. छळते ती लघवी. कधी फोडांसोबत, कधी त्यांच्या आधी, तर कधी फोडाचा मागमूस नसताना. डॉक्टरांसमोर बसलं की "उन्हाळी लागलीय" एवढंच तोंडून निघतं आणि खरी गोष्ट मनातच राहते. म्हणून हा धागा. जळजळ नेमकी कुठे होते, तपासणीत काय निघालं, उतार कशाने पडला, ते लिहा. नाव-गाव नको.

सुरुवात मी करतो. सकाळची पहिली लघवी सगळ्यात वाईट. पहिल्या थेंबांना भिंतीला हात टेकून उभं राहावं लागतं, धार लागली की जरा सुसह्य होतं. लघवीच्या तपासणीत थोड्या पू-पेशी, कल्चरमध्ये जंतू नाहीत. तरी दर वेळी अँटिबायोटिक मिळायचं आणि दर वेळी बरंही वाटायचं. यातली मेख मला फार उशिरा कळली. हर्पीसचा परतलेला झटका तसाही आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. त्याच सुमारास गोळ्यांचा कोर्स संपतो आणि श्रेय गोळ्यांना जातं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, पण गुण आल्यासारखा वाटतो, म्हणून पुढच्या वेळीही तीच चिठ्ठी.

एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मूत्रमार्गाचं तोंड हलकेच उघडून पाहिलं. आतल्या कडेला लालसर चीर होती, बाहेरून अजिबात न दिसणारी. तिथला स्वॅब पीसीआरला, म्हणजे विषाणूचा अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवला आणि एचएसव्ही-२, म्हणजे हर्पीसचाच विषाणू, आला. त्यांनी बजावलं, की स्वॅब घ्यायचा तो जखम ताजी असताना, सुकायला लागली की विषाणू हाती लागत नाही. रक्तातली आयजीजी (प्रतिपिंडांची) तपासणी फक्त शरीरात हा विषाणू कधीतरी आला एवढं सांगते. आजची जळजळ त्याचीच का, हे ती सांगू शकत नाही.

नवखा

माझा पहिलाच झटका होता. ताप, जांघेत गाठी, आणि लघवी इतकी झोंबायची की मी जाणंच टाळत होतो. मग एका रात्री लागली असूनही होईना. ओटीपोट टम्म फुगलं, बसायच्या जागेला बधिरपणा आला, शौचालाही होत नव्हतं. इमर्जन्सीत कॅथेटर घालून लघवी काढली.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हा विषाणू कंबरेखाली, माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. मूत्राशयाला आकुंचन पावायचा निरोपही त्याच भागातून जातो. तिथे सूज आली की निरोप पोचत नाही आणि लघवी तुंबते. याला एल्सबर्ग सिंड्रोम म्हणतात. विरळा प्रकार आहे. माझी लघवी हळूहळू, काही आठवड्यांत पूर्ववत झाली. लघवी तुंबली किंवा बैठकीची जागा बधिर वाटली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

रात्रपाळी

थोडक्यात लिहितो. टबमध्ये किंवा शॉवरखाली कोमट पाण्यातच लघवी करायची, आग निम्मी होते. पाणी भरपूर प्यायचं. जळते म्हणून पाणी तोडलं तर लघवी घट्ट होते आणि जास्तच झोंबते. डॉक्टरांनी बधिर करणारी लिग्नोकेन जेली दिली होती, तिचा तात्पुरता उपयोग झाला. आणखी एक: असायक्लोव्हिर हे हर्पीसचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, ते आधी सांगा.

वाटसरू

माझी गोष्ट उलटी आहे. रोज व्हॅलासायक्लोव्हिर (हेही हर्पीसचंच औषध) सुरू झाल्यावर फोड जवळपास थांबले, जळजळ मात्र तशीच. बसून काम केलं की वाढायची, गुदद्वार आणि अंडकोशाच्या मधल्या जागी ठणका, धार तुटक. विषाणू थंडावूनही त्रास कायम, यावरून मूत्ररोगतज्ज्ञांना शंका आली. स्वॅब निगेटिव्ह, कल्चर निगेटिव्ह, प्रोस्टेट ठीक. शेवटी निघालं ते ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं आखडणं. वारंवार दुखण्याच्या धास्तीने मी ते स्नायू सतत आवळून धरत होतो आणि ती सवयच जडली होती.

फिजिओथेरपिस्टने ते सैल सोडायला शिकवलं. पोटातून संथ श्वास, उकिडवं बसून ताण सोडणं, लघवी करताना जोर न लावणं. कुणीतरी केगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचे व्यायाम, सुचवले होते, पण आखडलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावलं की दुखणं वाढतं, माझं वाढलं. फरक पडायला महिने लागले. इथे लिहिण्याचं कारण हेच, की एकदा हर्पीसचं निदान झालं की पुढची प्रत्येक कळ त्याच्याच खात्यावर मांडली जाते, आणि ज्यावर इलाज आहे ते मागे राहतं.

अनामिक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. माझा नेहमीचा झटका समजून मी थांबलो होतो, पण या वेळी स्राव जास्त आणि पिवळसर होता. लघवीच्या तपासणीत क्लॅमिडिया हा संबंधातून लागणारा जंतुसंसर्ग निघाला. तो अँटिबायोटिकने बरा होतो, जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. वेगळं काही जाणवलं की गोनोरिया, क्लॅमिडियाची तपासणी मागून घ्या.

सहचरी

पुरुषांच्या धाग्यात लिहू का, असा विचार करत होते. यांचा त्रास मी दाराबाहेरून ओळखायची. कण्हणं मला ऐकू जाऊ नये म्हणून हे नळ सोडून लघवीला बसायचे. रात्री किती वेळ पाणी वाहतंय, त्यावरून झटका आलाय हे कळायचं. मी गरोदर राहिल्यावर विषय काढावाच लागला, कारण माझ्या रक्ततपासणीत हर्पीस नव्हता. आईला शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने लागण झाली तर बाळाला सर्वांत जास्त धोका असतो, असं प्रसूतितज्ज्ञांनी सांगितलं. तो काळ आम्ही संबंध पूर्ण बंद ठेवले.

त्याआधी हे रोजची गोळी घेत होतेच. रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्याने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. निम्म्यावर म्हणजे शून्य नाही, म्हणून कंडोमही. फोड नसतानाही विषाणू त्वचेतून बाहेर पडत असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आता हे दार लोटून घेतात, कडी लावत नाहीत. "आज जळतंय" एवढं सांगितलं की मला पुरतं.

पायवाट

मला आधी सूचना मिळते. एका बाजूच्या कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे मुंग्या, मग लघवीला चुरचुर, फोड नंतर. त्या मुंग्यांनाच गोळी सुरू केली तर बऱ्याचदा फोड येतच नाहीत. त्यासाठी चिठ्ठी आधी लिहून घेऊन गोळ्या घरात ठेवाव्या लागतात, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ती वेळ निघून जाते. पहिल्या वर्षी झटके फार आले, म्हणून रोजची गोळी घेतली. पुढे ते सहसा विरळ होत जातात, त्यामुळे आता डॉक्टरांनी गोळी थांबवून पाहू म्हटलंय. थांबवल्यावर सुरुवातीला एखादा झटका येऊ शकतो, तेवढ्यावरून लगेच ठरवू नका, असंही त्या म्हणाल्या. ज्यांनी रोजची गोळी बंद केली आहे त्यांची लघवीची जळजळ परतली का, आणि परतली तर पहिल्याइतकीच होती का?