मोटोक्रॉसचे शिल्लक इंजिन वापरून शिफ्टर कार्ट बांधायची आहे

प्रश्न (मिरज):

नमस्कार. माझा धाकटा भाऊ काही वर्षे डर्ट ट्रॅकच्या शर्यतींत उतरत असे. एका अपघातात त्याच्या मोटरसायकलची फ्रेम वाकून निकामी झाली, पण इंजिनाला धक्का लागला नाही, म्हणून ते आम्ही उतरवून ठेवले. यामाहा वायझेड १२५ चे हे टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे आणि सहा गिअरचे इंजिन आहे. विकायचे मन होत नाही, म्हणून त्यावर शिफ्टर कार्ट (हाताने गिअर बदलायची, शर्यतीची छोटी चारचाकी) बांधण्याचे ठरवले आहे. कुपवाड एमआयडीसीत मित्राची फॅब्रिकेशनची शेड आहे. तेथे सव्वा इंची ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून सांधा वेल्ड केलेल्या) पाइपचे चेसिस वेल्ड करून घेण्याचा विचार आहे. बाइकवर पुढे १३ आणि मागे ४८ दातांचे स्प्रॉकेट होते, तेच वापरावे का? बाइकचीच टाकी आणि मागच्या अ‍ॅक्सलवर एक डिस्क ब्रेक एवढ्यावर भागेल का? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (कुपवाड):

मी असेच एक १२५ सीसी इंजिन कार्टवर बसवले आहे. इंजिन चांगले असेल तर निम्मे काम झाले असे वाटते, परंतु बाइकची रचना ज्या गोष्टी आपोआप सांभाळत होती, त्या सगळ्या कार्टमध्ये आपल्याला वेगळ्याने सोडवाव्या लागतात.

आधी स्प्रॉकेटचे बघू. मोटोक्रॉस बाइकच्या मागच्या टायरचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर असतो आणि कार्टच्या मागच्या टायरचा सुमारे २८. तुमचे जुने गुणोत्तर ४८ भागिले १३, म्हणजे ३.६९ आहे. त्याला २८ भागिले ६६ ने गुणले की १.५७ च्या आसपास उत्तर येते, म्हणजे पुढे १६ आणि मागे २५ दात. जुने ४८ दातांचे स्प्रॉकेट तर बसणारच नाही, कारण बाइकच्या ५२० मापाच्या चेनसाठी त्याचा व्यास साधारण २४ सेंटिमीटर भरतो आणि अ‍ॅक्सलचा मध्य जमिनीपासून १४ सेंटिमीटरवरच असतो, म्हणजे चेन जवळजवळ जमिनीला टेकेल. शर्यतीच्या शिफ्टर कार्टवर ४२८ मापाची, त्याहून लहान चेन वापरतात. ती हलकी असते, आणि त्या मापाची स्प्रॉकेट लेथवर करून घेणेही अवघड नाही.

आता पेट्रोल. बाइकची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, म्हणून पेट्रोल उताराने आपोआप येते. कार्टची टाकी स्टिअरिंगखाली, चालकाच्या दोन पायांच्या मध्ये, जमिनीलगत बसवतात, त्यामुळे क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या कवचातील) दाबाच्या ठोक्यांवर चालणारा पडद्याचा पल्स पंप लावावाच लागतो. हा पंप कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल उचलून धरील इतका दाब देऊ शकतो, म्हणून जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी अवश्य ठेवा. दुसरी अडचण मला ट्रॅकवरच कळली. बाइक वळणात कलते, त्यामुळे कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल तळाशीच राहते. कार्ट कलत नाही, म्हणून लांब वळणात तेच पेट्रोल एका बाजूला चढते. माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये एका दीर्घ उजव्या वळणावर अडखळली आणि वळण सरळ होताच पुन्हा व्यवस्थित पळू लागली. मी आधी प्लग बदलला, मग इग्निशनची कॉइल बदलली. शेवटी खाली वाकून पाहिले, तेव्हा वाटीतले जादा पेट्रोल बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी टोकापर्यंत ओली होती आणि तिच्याखालच्या पत्र्यावर पेट्रोलचा डाग पसरलेला होता. फ्लोटची उंची नीट बसवून आणि वाटीची नळी वर वळवून हा दोष बराच कमी झाला.

इंजिन बसवताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी क्रँककेसचे पुढचे दोन बोल्ट थेट चेसिसच्या पाइपला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटमध्ये आवळले होते. कार्टचे चेसिस वळणात पिळते, कारण तिला सस्पेन्शन नसते आणि तेच काम चेसिस करते. तो सगळा पीळ माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसवर गेला. महिन्याभरात क्रँककेसच्या बोल्टाच्या कानाजवळ तेलात कालवलेल्या धुळीची एक बारीक रेघ दिसू लागली. पुसली की नाहीशी व्हायची, पण नख फिरवले की अडकायचे. तो तडा होता. आता मी स्विंगआर्मच्या (बाइकचे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टासह सर्व मूळ ठिकाणी इंजिन धरणारी एक स्वतंत्र पेटी केली आहे आणि ती पेटी शेजारच्या दोन पाइपांवर क्लॅम्पने बसवली आहे. तिचा आणखी एक उपयोग होतो: कार्टचा अ‍ॅक्सल मागे सरकत नाही, म्हणून चेनचा ताण इंजिन सरकवूनच घ्यावा लागतो.

उत्तर (सातारा):

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

चेसिस स्वतः बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्टला डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नसतो. मागची दोन्ही चाके एकाच सलग अ‍ॅक्सलवर फिरतात. वळणात आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेले नाही, तर गाडी वळण्याऐवजी सरळच ढकलली जाते. ते चाक पुढच्या चाकांच्या जोडणीतील कोनांमुळे आणि चेसिसच्या लवचीकपणामुळे उचलले जाते. म्हणून चांगली चेसिस क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पाइपची असतात आणि पाइप कोठे किती वाकावा याचा विचार करून बांधलेली असतात. ईआरडब्ल्यू पाइपचे घरगुती चेसिस एकतर फार ताठ होते किंवा वेल्डच्या काठाशी तुटते. शर्यतीचे जुने चेसिस मिळवा. आमच्या परिसरात कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक असल्यामुळे तेथील मंडळींकडे चौकशी केल्यास बरीच माहिती मिळते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जो केझेड वर्ग आहे, तो १२५ सीसी आणि सहा गिअरचाच आहे, आणि त्या गाड्यांना पुढच्या चाकांनाही ब्रेक असतात. फक्त मागचा ब्रेक जोरात दाबला की सलग अ‍ॅक्सलची दोन्ही चाके एकदम अडकतात आणि गाडी गोल फिरते. चेसिस घेताना पुढच्या ब्रेकची सोय असलेलेच पाहून घ्या.

आणि हे वाहन रस्त्याचे नाही. रविवारी एमआयडीसी मोकळी असते म्हणून तेथे चाचणी घेण्याचा मोह होतो, पण ट्रक कोणत्याही फाटकातून बाहेर पडू शकतो आणि जमिनीलगत बसलेला चालक ट्रकवाल्याला दिसत नाही. चाचणी बंद ट्रॅकवरच घ्या.

प्रश्नकर्ता (मिरज):

दोघांचेही मनापासून आभार. चेसिस बांधण्याचा बेत रद्द करतो आणि जुने चेसिस शोधायला लागतो. पंपाचे आणि पेटीचे काम शेडमध्ये करून घेईन. पेट्रोलच्या मिश्रणात तेल किती घालावे, आणि हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलचा काही त्रास होतो का?

उत्तर (कुपवाड):

मी लिटरला ४० मिलिलिटर तेल घालतो. बाइकवर याहून कमी चालते, पण कार्टमध्ये इंजिन अधिक वेळ वरच्या फेऱ्यांवर राहते. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी आपण थ्रॉटल सोडतो, तेव्हा फेऱ्या चढलेल्याच असतात पण पेट्रोल थांबते, आणि पेट्रोलाबरोबर तेलही थांबते. टू-स्ट्रोक इंजिन सीझ होते (पिस्टन आत अडकतो) ते बहुतेकदा अशा वेळी. म्हणून कार्बोरेटरची जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) किंचित मोठीच ठेवा.

इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासूनही तयार होते, त्याबद्दल मला आनंदच आहे. मात्र त्यात ऑक्सिजन असल्याने हवा-पेट्रोलाचे मिश्रण आणखी पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), म्हणजे मोठी जेट लावण्याचे हे दुसरे कारण. इथेनॉल हवेतली ओलही धरते. गाडी उभी करताना टाकी आणि कार्बोरेटरची वाटी दोन्ही रिकामी करा, आणि पेट्रोल-तेलाचे मिश्रण त्या दिवशी लागेल तेवढेच करा.

एक गोष्ट राहिली. वायझेडचे स्प्रॉकेट डाव्या बाजूला आहे आणि कार्टमध्ये इंजिन चालकाच्या उजवीकडे बसते, त्यामुळे चेन तुमच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून धावेल. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी तेथे पुढून मागपर्यंत अखंड चेनगार्ड बसवा.