पोटातला माल्ट लिम्फोमा: फिश पॉझिटिव्ह, आरटी-पीसीआर निगेटिव्ह, आता?

निळीशाई:
मॉलिक्युलर लॅबमध्ये नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. जठराच्या माल्ट लिम्फोमाचे (अस्तरातल्या लिम्फ पेशींचा कॅन्सर) एंडोस्कोपीचे चार बारके तुकडे, फॉर्मॅलिन करून वॅक्स ब्लॉक केलेले. माल्ट-१ जीनच्या ब्रेक-अपार्ट प्रोबवर (जीनच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा, अखंड असेल तर मिळून पिवळा) फिश, म्हणजे पेशीतल्या डीएनएला चमकते रंग लावून बघायची टेस्ट, पॉझिटिव्ह आली आणि त्याच ब्लॉकचा आरएनए काढून टी(११;१८) ची (११ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल, म्हणजे ट्रान्सलोकेशन) आरटी-पीसीआर (आरएनएवरून जुळलेले जीन शोधणारी टेस्ट) लावली तर जेल कोरं, बँडच नाही. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरच्या गोळ्या तर द्यायच्याच आहेत, पण हे ट्रान्सलोकेशन असेल तर नुसत्या त्या गोळ्यांनी लिम्फोमा बहुतेक जात नाही, म्हणून क्लिनिशियन मागे लागलेत. खरं कुठलं धरू?

जुनापॅथो:
दोन्ही खरे असू शकतात. ब्रेक-अपार्ट एवढंच सांगतो की माल्ट-१ तुटलाय, तुटून कोणाला चिकटला ते नाही. बीआयआरसी३ जीनला (जुन्या पेपरांत एपीआय२) चिकटला तर टी(११;१८), आयजीएच जीनला चिकटला तर टी(१४;१८), जे जठरात क्वचितच सापडतं. तुमचे प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होते ते छोटे डीएनए तुकडे) फक्त पहिल्यासाठी.

पिपेटवाली:
सर, त्याच्याही आधी, कंट्रोल जीनचा (आरएनए धड आहे का ते दाखवणारा) बँड आला होता का? ब्लॉकमधल्या आरएनएचा भुगा झालेला असतो. त्यात बीआयआरसी३ बहुतेक वेळा ७ व्या एक्झॉननंतर (एक्झॉन म्हणजे जीनचा एक भाग) तुटतो पण माल्ट-१ चं तसं नाही, तो कुठेकुठे तुटतो, म्हणजे एकच प्रायमर जोडी वापरली तर कधीकधी प्रॉडक्ट इतकं लांब होतं की असल्या आरएनएवर उमटतच नाही. दोन-तीन जोड्या, छोटे प्रॉडक्ट, असं करून बघा.

निळीशाई:
ताई, पकडलंत. कंट्रोलचा बँड डोळे बारीक करून बघावा लागतोय. 😬 अजून एक, काही पेशींत तीन पिवळे सिग्नल दिसले, तेही पॉझिटिव्हमध्ये धरलेत.

जुनापॅथो:
अहो, तिथेच घोळ आहे! तीन पिवळे म्हणजे १८ नंबरच्या क्रोमोसोमची जादा प्रत, काही तुटलेलं नाही. तुटलेला म्हणजे एक पिवळा आणि लाल-हिरवा सुटे, एकमेकांपासून लांब. शिवाय टी(११;१८) वाल्या केसमध्ये ही जादा प्रत सहसा नसते. आणि ४-५ मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये न्यूक्लियस अर्धवट कापला जातो, एखादा रंग नुसता हरवतो, तेही मोजू नका. आधी स्लाइड परत मोजा, मग गरज वाटली तर बीआयआरसी३-माल्ट-१ चा फ्यूजन प्रोब लावा, त्याला आरएनए लागत नाही.

निळीशाई:
तीन पिवळे वगळून परत मोजलं. सुटे लाल-हिरवे जेमतेम उरले, आमच्या लॅबच्या कटऑफच्या खाली. रिपोर्ट अजून गेला नव्हता, वाचलो.