मारबतीची सुटी: नियुक्तिपत्रात नाही म्हणून काढून घेता येते काय?

धागाकर्ता, हिंगणा

आमच्या कारखान्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्हा पोळा आणि नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या (वाईटाचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीच्या दिवशी, पगारी सुटी देण्याचा प्रघात निवृत्तीला आलेल्या कामगारांच्याही रुजू होण्यापूर्वीचा आहे. यंदा सूचनाफलकावर कागद लागला की, ही सुटी नियुक्तिपत्रात नमूद नसल्याने यापुढे मिळणार नाही. ज्यांना हवी त्यांनी अर्जित रजेचा अर्ज करावा. वीस दिवसांच्या कामामागे एक अशी ही रजा जमते. ती आता मारबतीसाठी खर्च करायची, म्हणजे दिलेली सवलत कामगाराच्याच खात्यातून वसूल करणे झाले.

करारात नाही, एवढे उत्तर कायद्यालाही पुरेसे वाटलेले नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९-अ आणि चौथ्या अनुसूचीनुसार रूढीने मिळत आलेली सवलत काढून घ्यायची असल्यास मालकाने २१ दिवस आधी नोटीस देणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत ही तरतूद कायम आहे. आमच्याकडे कागद लागला आणि त्याच आठवड्यात सुटी गेली.

बुटीबोरीतील एक लघुउद्योजक

आपल्या मताशी मी सहमत नाही. माझ्या वडिलांनी आपखुशीने दिलेली सुटी जर माझ्यावरचे कायमचे देणे ठरणार असेल, तर यापुढे कोणताही मालक लेखी बांधिलकीपलीकडे काही देण्याचे धाडस करणार नाही. माझा माल पुण्याला जातो. तिथल्या ग्राहकाला मारबत म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि पुरवठा एक दिवस उशिरा पोहोचला तर तो दंड कापतो. शिवाय ‘वर्षानुवर्षे मिळत होते’ असे म्हटल्याने रूढी सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ग्रॅहॅम ट्रेडिंग कंपनीच्या प्रकरणात दुर्गापूजेनिमित्त दिल्या जाणाऱ्या पूजा बोनसविषयी कसोट्या घालून दिल्या आहेत: देणे अखंड हवे, पुरेशा दीर्घ काळाचे हवे, तोट्याच्या वर्षीही दिलेले हवे आणि दर एकसमान हवा. कोरोनाच्या काळातही आपल्याकडे ही सुटी अशीच मिळाली होती काय?

कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता

कोरोनाच्या काळात कारखानेच बंद होते किंवा अर्धवट चालत होते. त्यावरून प्रघात तुटला असे कसे म्हणता येईल? आपण सांगितलेल्या कसोट्या बोनसच्या आहेत. सुटी नफा-तोट्यावर ठरत नसल्याने त्या इथे जशाच्या तशा लावता येत नाहीत. बोनसच्या बाबतीतही, १९६५ च्या बोनस कायद्यामुळे रूढीचा बोनस आपोआप संपुष्टात येत नाही, असे १९७६ मध्ये मुंबई कामगार सभेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. तरीही धागाकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोटीस दिल्याने बदल कायमचा अडत नाही, केवळ वाटाघाटीला आणि समेटाला अवधी मिळतो. त्या २१ दिवसांत संघटना गप्प राहिली, तर सुटी गेलीच समजा.

मिहानमधील एक संगणक अभियंता

नोटिशीची ही तरतूद कामगारांसाठी आहे; व्यवस्थापकीय पदावरच्यांना तिचा आधार नाही. दुकाने व आस्थापनांना लागू असलेल्या २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यात मात्र आठ पगारी सुट्या आहेत. त्यांतील २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत, तर उरलेल्या चार वर्ष सुरू होण्यापूर्वी मालक व कर्मचाऱ्यांनी परस्पर संमतीने ठरवायच्या असतात. आमच्याकडे ती यादी बंगळूरहून तयार होऊन येते आणि संमती कोणी विचारत नाही.

एक ठेकेदारी कामगार

तुमची सुटी तरी पगारी होती. आम्हाला त्या दिवशी गेट बंद आणि रोजीही बंद.

धागाकर्ता, हिंगणा

शेवटचा प्रतिसाद वाचून मागणी बदलावी लागेल. संघटनेच्या पत्रात ठेकेदाराकडील कामगारांचाही उल्लेख येईल. उद्योजक महोदयांची ग्राहकाची अडचण मी खोटी मानत नाही. परंतु पोळा श्रावण अमावस्येला येतो, तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, आणि मिरवणुकीमुळे इतवारी-महालातून निघणाऱ्या माणसाला त्या दिवशी हिंगण्याला वेळेवर पोहोचणे तसेही कठीण असते. पुरवठ्याचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखता येते. सुटीऐवजी आधीच्या रविवारी भरपाईची पाळी घेण्यासही आम्ही तयार होतो, पण तसे कोणी विचारले नाही. म्हणून पत्रात पहिली मागणी हीच आहे की, लावलेला कागद मागे घ्यावा आणि रीतसर नोटीस देऊन चर्चेला बसावे.