काडतूस काढलं की झालं? ठासणीच्या बंदुकीचं काय?

'बसायच्या आधी काडतुसं काढून कपाटात टाकायची, मग खुशाल दोन पेग घ्या' असा सल्ला बंदूकवाल्यांना कुणी देतं, तो बारा बोअरला, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीला, ठीक आहे. पण आमच्या तळकोकणात शेतीराखणीचे परवाने आहेत त्यांतल्या बऱ्याच बंदुका ठासणीच्या. तिच्यात काढायला काडतूसच नसतं. नळीच्या तोंडातून बार (बंदुकीची दारू) भरून गजाने ठासलेला, वर छर्रे. तो एकतर उडवायचा, नाहीतर गजाला स्क्रू लावून खरवडून काढायचा. रात्रभर मांगरात (शेतावरच्या खोपटात) बसून कंटाळलेला माणूस हे सव्यापसव्य करत नाही. बाराला ठिणगी देणारी वरची टोपी तेवढी काढतो आणि भरलेली बंदूक घरी आणून कोपऱ्यात उभी करतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती रिकामी समजून टोपी चढवून चाप ओढून बघतो. त्यात थंडीच्या नावाखाली राखणीला बाटली बरोबर असतेच. झुडूप हललं की डुक्कर, मग ते झुडपामागे बसलेला सोबती का असेना! अशा बातम्या काय आपण वाचत नाही?

म्हणून आमच्याकडे ज्याच्या हातात बंदूक, त्याला बार उतरवून ती कुलुपात जाईपर्यंत थेंब नाही. बाकीच्यांनी काय ते करावं. सकाळी आंघोळ आणि काळा चहा झाला म्हणून रात्रीची उतरत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि 'वरातीत हवेत एक बार काढला तर काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी: शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जीव धोक्यात येईल असा आनंदाचा गोळीबार केला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरी.