धुऱ्यावरचं (बांधावरचं) ते फूल कोणतं? (अनुभव धागा)

आर्वीची_लेक
पोळ्याला गावी गेले होते. पांदणीनं वावरात जाताना बोरीच्या काट्यांवर चढलेली एक वेल दिसली. पान शेपूसारखं बारीक, फूल लालभडक, नळीसारखं लांब आणि तोंडाशी पाच टोकांची चांदणी. पाय तिथंच थांबले. भुलाबाईला हीच फुलं तोडायचो आम्ही, पण नाव कधी कुणी सांगितलं नाही. आजीकडे झाडांच्या तीनच जाती: भाजीचं, दवाईचं आणि "असंच हाय ते". ही वेल "असंच" मधली.

फोटो काढून मोबाईलला विचारलं, तर गणेशवेल. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. म्हणजे जिला मी रानातली समजत होते ती कुणाच्या तरी अंगणातून पळालेली! मग आठवलं, पांदणीच्या तोंडाशी मास्तरांचं घर होतं, दारात मांडव. घर पडून जमाना झाला, जोत्याचे चार दगड उरलेत. वेल मात्र बी टाकत टाकत दोन वावरं चालत आमच्या धुऱ्यावर आली.

तुमच्याकडची अशी फुलं कोणती? नाव कसं कळलं?

पऱ्हाटी
वाघनखी!!! फूल कोण पाहते, आम्हाले तिचं वाळलेलं फळ पाहिजे. काळं, टणक, पुढं दोन आकडे. वर्गात पुढच्या पोट्टीच्या वेणीत अडकवायचं. ते काढताना केसं तुटत आणि मग मार. तीही मेक्सिकोची निघाली हे मला मागच्या वर्षी कळलं. मार खाल्ला तेव्हा देशी वाटत होती.

आर्वीची_लेक
😂 ती वेणी माझी तर नव्हती ना?

पऱ्हाटी
मी काटोलचा बाई. सुटलो.

नाल्याकाठचा
बेशरम कुणी काढला नाही अजून? आमच्या मास्तरांची छडी बेशरमाचीच असायची. एकदा रागानं खिडकीबाहेर फेकली. पावसाळ्यात तिथं झाड उभं. मास्तरांना जन्मभराच्या छड्या फुकट.

सुमनताई
आमच्या अंगणात ह्या वर्षी गुलबक्षी इतकी माजली की विचारू नका. हे विषयाला धरून आहे का माहीत नाही. कुकर लावलाय, नंतर येते.

धुरेकरी
फक्त फुलाचा फोटो काढून विचारत जाऊ नका, हे अनुभवानं सांगतो. मी एका पिवळ्या फुलाचा फोटो टाकला, ॲपनं खसखशीच्या कुळातलं काहीतरी सांगितलं. मी हसलो, आमच्याकडे खसखस कुठली? मग काड मोडून पाहिली तर पिवळा चीक. पानं काटेरी, त्यावर पांढऱ्या रेघा. अरे, हा तर आपला पिवळा धोत्रा! आणि तो खरंच खसखशीच्याच कुळातला, ॲप बरोबर, मीच येडा. तेव्हापासून पान, देठ, फळ, चीक सगळं पाहतो. (ह्याचं बी मोहरीसारखं दिसते. १९९८ ला दिल्लीत मोहरीच्या तेलात ह्याचंच तेल मिसळलं गेलं आणि माणसं मेली. पोरांना ओळख करून ठेवा.)

रायमुनिया
माझ्या नावावरून भांडण नको, पण टणटणी, घाणेरी, रायमुनिया एकच. इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली म्हणतात. आता शोभा आमच्या जंगलभर. एकाच गुच्छात मधे पिवळी आणि कडेला गुलाबी फुलं का, तर कडेची जुनी, रंग बदललेली. काळी फळं खाऊन जिभा जांभळ्या करून घरी यायचो.

नाल्याकाठचा
घाणेरी म्हणा, वासाला न्याय मिळंल.

केनावाली
मी देशी फुलाचं सांगते. निंदाले बाया लावल्या होत्या, मीही बसले. केना उपटला तर मुळाशी जमिनीत पांढुरक्या गाठी. किडे समजून फेकणार, तर सोबतची मावशी म्हणे, "फुलं हायत ते, जी." वर निळी फुलं दुपारपर्यंत मिटून जातात, खालची उमलतच नाहीत, तिथंच बी धरतात. म्हणून निंदून निंदून केना संपत नाही! मावशी शाळेत गेलेली नाही. मी बी.एस्सी. आहे.

पऱ्हाटी
वा मावशी 🙏

दर्यापूरकर
पाऊस कसा आहे तिकडे? आमच्याकडे आठ दिवसांपासून उघाड नाही, पऱ्हाटी (कपाशी) लाल पडून राहिली. गाजर गवत मात्र खुशाल. १९५५ ला पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता आमच्या दारात. हात लावला की अंगभर खाज. मेक्सिकन भुंगे सोडले होते म्हणे त्याच्यावर, आमच्या वाट्याचे कुठं गेले देव जाणे.

धुरेकरी
भुंगे पावसाळ्यात दिसतात की, पांढुरके, पाठीवर काळ्या रेघा. पानं चाळणी करतात. तेही परदेशीच.

सुमनताई
आले. तरोट्याची भाजी केली होती, शेवटची. आता पिवळी फुलं लागली, पान निबर झालं, पुढच्या आषाढापर्यंत बंद. ते टाकळा म्हणतात पुण्याकडे.

आर्वीची_लेक
ताई, तोंडाला पाणी सुटलं! इथं मिळत नाही. गणेशवेलीच्या बिया हव्यात का कुणाला? वाळल्या की देईन. कुंडीतच लावा बरं, दोन वावरं चालते ती.

केनावाली
मला द्या. सुमनताई, तरोट्यात हिरवी मिरची की लाल?

सुमनताई
लाल. सुकी. आणि लसूण हात सोडून.