‘स्थळ’ पाहिला. तुमच्या घरी ‘दाखवण्याचा कार्यक्रम’ बंद झालाय का?

निंबोणी:
जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ हा सिनेमा अखेर पाहिला. २०२३ला टोरांटोच्या महोत्सवात आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे थिएटरात यायला मार्च २०२५ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, बाप कापूस पिकवणारा. सविता समाजशास्त्र शिकतेय, एमपीएससी द्यायची म्हणतेय आणि मधूनमधून साडी नेसून पाहुण्यांसमोर बसतेय. सुरुवातीला सगळं उलटं आहे: पाहायला बायका आल्यात, बसवलाय मुलाला. थिएटरात हशा पिकला. मग सविता जागी होते आणि पुढचा सगळा सिनेमा तेच प्रश्न तिच्या वाट्याला. नाव काय, शिक्षण किती, उंची किती.

मला उंची विचारली नव्हती, मोजली होती. मुलाच्या आत्याने चप्पल काढायला लावली, दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारली. वर ‘टाचा टेकव गं’. आई पोह्यांवर खोबरं घालत होती, काही बोलली नाही. सविताला लग्नच नको, असं मला कुठे दिसलं नाही. तिला ही रांग नको आहे.

कापूसकोंड्या:
मी यवतमाळकडचा, सहा एकर कोरडवाहू. सिनेमा चांगला आहे, पण दहा वर्षं शिळा. आता रांगेत आम्ही बसतो. सोलापुरात २०२२च्या डिसेंबरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तो कशासाठी होता? पोरीच्या बापाला जावयाची शेती पाहिजे, शेतकरी जावई नको. मी नऊ घरं फिरलो. एका ठिकाणी तर चहा यायच्या आधी ‘पुण्यात काही आहे का?’ विचारलं. आमच्यावर कोण सिनेमा काढणार?

निंबोणी:
अहो, पण पोरी कमी का पडल्या? २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्या आता लग्नाच्या वयात येताहेत. पोटातच नको झालेल्या पोरींचा हिशेब जिवंत असलेल्यांकडून का वसूल करायचा?

कापूसकोंड्या:
मी कोणाला मारायला गेलो नव्हतो.

दोन_लेकींची_आई:
तुम्ही दोघं भांडा, मला सविताचा बाप दिसत होता. कापसाला भाव नाही आणि घरात उपवर पोरगी. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ होता, आमच्या दारात आलेल्या व्यापाऱ्याने ओलावा दाखवून सरळ सहाशे कापले. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. आमच्याकडे हुंडा म्हणतच नाहीत हो. ‘लग्न कसं करून देणार?’ एवढंच विचारतात, मग मुलाचे मामा खाकरतात आणि आकडा यायचा तो येतो. ‘नको म्हण’ हे पोरीला सांगायला सोपं आहे. गावात राहायचं मला आहे. थोरलीला मी स्वतः पावडर लावून बसवलंय, खोटं कशाला बोलू.

पडद्यामागचा:
मला वेगळीच अडचण आहे. बाईचं दुःख, कॅमेरा हलत नाही, परदेशात टाळ्या. गावाची लाज महोत्सवात मांडायची सवय झालीय आपल्याला.

निंबोणी:
दिग्दर्शक त्याच गावचा आहे, कॅमेऱ्यासमोर गावकरीच आहेत. लाज त्यांची, त्यांनी मांडली. आणि कॅमेरा हलत नाही म्हणूनच तुम्हाला कंटाळा आला ना? तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा मलाही आला. पाहणारी मंडळी अर्ध्या तासात उठून जातात, तिला मात्र पुढच्या रविवारी परत बसायचं असतं.

कापूसकोंड्या:
एक सांगतो, वाद म्हणून नाही. काल हे वाचून आईला विचारलं, पहिल्यांदा बघायला गेलो ती पोरगी आठवते का. आईला बरंच आठवत होतं. चिवडा खवट होता, पोरगी रंगाने डावी होती, गोठ्यात जर्सी गाय होती. नाव नाही आठवलं. मलाही नाही. विचारलं तर मीच होतं.