विषय: शाळेत तिळगूळ वाटू का?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आम्ही कोथरूडहून इथे न्यू जर्सीत आलो. मुलगा दुसरीत आहे. घरी अखंड बडबड, शाळेत मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. लंचला कुणाजवळ बसलास विचारलं की "जागा असेल तिथे" म्हणतो. संक्रांतीला वर्गात सगळ्यांना तिळगूळ वाटावा असं मनात आहे. बाईंना विचारू, की सरळ डबाच देऊन पाठवू?

– मानसी

---

मानसी,

डबा अजिबात पाठवू नकोस. दाण्यांच्या अॅलर्जीचं तुला कळलंच असेल, पण तिळाचीही तीच गत आहे. 2021 च्या फास्टर कायद्याने तीळ इथला नववा मुख्य अॅलर्जन ठरला आणि 1 जानेवारी 2023 पासून पाकिटांवर तो छापणं सक्तीचं झालं. आपला तिळगूळ दोन्हीकडून अडला! हलव्याच्या पोटातही तीळच.

त्यापेक्षा पतंग करा. रंगीत कागद, गोंद, काड्या. खाऊ दोन मिनिटांत संपतो, पतंग करताना शेजारच्याकडे कात्री तरी मागावी लागते.

आणि तू स्वतः शाळेच्या पीटीएत, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेत, नाव दे. बुक फेअरला दोन तास टेबलामागे उभी राहा. झिपलॉकच्या पिशवीतली क्वार्टरची नाणी एकेक करून मोजणारं पोर मान वर करून विचारतं, "तू कुणाची आई?" मागच्या रांगेतल्या चौघांनाही आपसूक तुझ्या लेकाचं नाव कळतं.

– वर्षा

---

वर्षाताई,

तुमचा उत्साह मान्य, पण मी पीटीएच्या मीटिंगला जाऊन आलोय. बाकीचे एकमेकांना किंडरगार्टनपासून ओळखतात, आपण भिंतीला टेकून उभे. आपली ओळख सणांनीच होणार. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा 1 नोव्हेंबर 2024 ला पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणूनच ना? शाळेच्या इंटरनॅशनल नाइटला लेझीम बसवू या. मंडळाच्या लेझमी नुसत्या पडून आहेत.

– महेश

---

महेश,

सुट्टी हवीच रे, पण त्या दिवशी शाळेत असतं कोण? लेझीमही जरूर बसव, फक्त आपलीच पोरं घेऊन नको. दरवर्षी आपण नाचतो, बाकीचे टाळ्या वाजवतात, समोसे खातात आणि दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियात जो तो आपापल्या टेबलावर.

भिंतीचं म्हणशील तर पीटीए ही संघटना 1897 ची. जिथे शाळा रंगावरून वेगळ्या होत्या, तिथल्या कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांसाठी सेलिना स्लोन बटलर यांना 1926 मध्ये वेगळी राष्ट्रीय संघटना काढावी लागली. दोन्ही एक व्हायला 1970 उजाडलं. त्यांनी काय सोसलं आणि आपण कशाला अवघडतोय! पहिल्या एक-दोन मीटिंगांना भिंतीला टेकावं लागतंच. संपल्यावर खुर्च्या उचलायला थांब. खरं बोलणं तेव्हाच निघतं. आणि हे खातं आयांवर सोपवून तुम्ही बाबा लोक मोकळे होता, ते आता पुरे.

– वर्षा

---

वर्षाताई,

बाईंचं उत्तर आलं. पतंग चालतील, दोरा नको. मांजा नाही हो, साधा शिवणाचा दोरा म्हटलं, तरी नको! मंगळवारी अर्धा तास दिलाय. शेपट्या चिकटवायला आणखी दोन-तीन मोठी माणसं लागतील. सासरे सध्या इथेच आहेत, त्यांना वर्गात नेता येईल का? व्हॉलंटियरचा फॉर्म आणि ओळखपत्र लागतं म्हणे. भारतीय पासपोर्ट चालतो का?

– मानसी

---

मानसी,

प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचा नियम वेगळा, उद्याच ऑफिसात फोन करून विचार. फॉर्म मंजूर व्हायला वेळ लागतो. महेशचा झालेला असेल, त्याला ने.

– वर्षा

---

मंगळवारी कितीला?

– महेश